दहा पानांना अर्धा तास

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर एप्रिलमध्ये संपतो, १ मेच्या सुमाराला निकाल हातात पडतो आणि तिथून जूनच्या मध्यापर्यंत, विदर्भात तर जूनच्या अखेरीपर्यंत, मूल दिवसभर घरात असतं. या काळात आता पुण्या-मुंबईइतकाच तालुक्याच्या गावांतही घरोघर एक तह होतो. दहा पानं वाच, मग अर्धा तास मोबाइल. कुठे पानागणिक मिनिटं ठरतात, कुठे एका गोष्टीवर एक कार्टून मिळतं, कुठे आई संध्याकाळी ‘काय वाचलंस ते सांग’ म्हणून खातरजमा करून घेते. या अंकासाठी संपादकांनी ‘सुट्टी आणि पडदा’ असा विषय दिला, तेव्हा सगळ्यांत आधी हा तहच तपासावासा वाटला. त्यामागची काळजी खरी आहे, हेतूही चांगला आहे. पण कलमं नीट वाचली तर त्यात वाचन हे मोल ठरलेलं दिसतं आणि पडदा हा माल. मोल मोजताना कुणाला आनंद होत नाही. मूल घड्याळाकडे बघत पानं उलटतं, मोठा टाइप आणि भरपूर चित्रं असलेलं पुस्तक उचलतं, कारण त्यात पानं लवकर भरतात. व्यवहार म्हणून बघितलं तर त्याचं काहीच चुकत नाही.

माझं म्हणणं असं, की या तहात वाचनाची बाजू पहिल्या दिवशीच हरते. पडद्याच्या जागी पुस्तक येऊ शकतं, पण मिनिटाला मिनिट मोजून येत नाही. सुट्टीतली कुठली तरी गरज पडदा भागवतो आहे. ती गरज पुस्तकाने भागली तरच पुस्तक टिकतं. आणि त्यासाठी पुस्तक हाताशी असावं लागतं, निवड मुलाची असावी लागते आणि आसपास वाचणारं किंवा ऐकणारं माणूस असावं लागतं. या तीन गोष्टी जमवणं तहापेक्षा कष्टाचं आहे. म्हणूनच बहुधा तह लोकप्रिय आहे.

बक्षिसाचा उलटा हिशेब

१९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीच्या मुलांवर केलेला एक प्रयोग बराच गाजला. रंगीत पेनांनी चित्रं काढायला मनापासून आवडणारी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का असलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता शेवटी ते दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी तीच पेनं वर्गात पुन्हा ठेवली, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेल्या मुलांचा रस बराच कमी झाला होता. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं त्यांच्यात तशी घट नव्हती. म्हणजे बक्षिसापेक्षा बोली जास्त भोवली. ‘याच्या बदल्यात ते’ असं म्हटलं, की ‘हे’ आपोआप दुय्यम होतं.

यावर एक सबळ आक्षेप आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ज्या मुलाला चित्र काढायला आवडतंच, त्याचा रस बक्षिसाने मरेल. पण ज्याला वाचनाची गोडीच लागलेली नाही त्याचा रस मरायला आधी असावा तर लागतो. अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर यांनी अमेरिकेतल्या काही शहरांत मुलांना पैसे देऊन बघितलं. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना प्रत्येक पुस्तक वाचून त्यावरच्या छोट्या चाचणीत उत्तीर्ण झाल्यावर २ डॉलर मिळत. इंग्रजीतून परीक्षा देणाऱ्या मुलांचं वाचन-आकलन त्यामुळे सुधारलं. मात्र स्पॅनिशमधून परीक्षा देणाऱ्या मुलांत असा फायदा दिसला नाही. घरची भाषा एक आणि पुस्तकाची दुसरी असली की बक्षिसाचं गणित कसं बिघडतं, याचा विचार इंग्रजी माध्यमातल्या मराठी मुलांच्या पालकांनी जरूर करावा. तर बक्षीस सरसकट घातक आहे असं म्हणता येत नाही. प्रश्न बक्षीस कोणतं, हा आहे. मॅरिनॅक आणि गॅम्ब्रेल या दोन संशोधकांनी २००८ साली तिसरीच्या मुलांबाबत दाखवून दिलं, की वाचनाबद्दल पुस्तकच बक्षीस मिळालं तर मुलं पुढेही वाचत राहतात. भलतीच वस्तू मिळाली तर तितकी नाही. पैशालाही स्वतःचं आकर्षण असतं, पण तो निदान वाचनाचा प्रतिस्पर्धी नसतो. आपल्या घरगुती तहात बक्षीस म्हणून नेमकी ती वस्तू निवडली जाते जिच्यापासून मुलाला दूर ठेवायचं आहे.

पूर्वी पडद्याने नेमकं काय नेलं

‘आमच्या वेळी सुट्टीत आम्ही नुसतं वाचत असू’ हे वाक्य प्रत्येक पिढी म्हणते, आणि ते पुष्कळ अंशी खरंही आहे. पण काय वाचत असू, हे सांगताना आठवण जरा सभ्य होते. १९५२ साली मराठीत आलेला ‘चांदोबा’ शेजारच्या घरातून हिसकून आणला जाई. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांतून फिरत, आणि त्यांतल्या कितीतरी घरच्यांच्या नजरेआड वाचल्या जात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे त्या मानाने घरात मान्य होता, तरी त्यालाही अभ्यासाच्या पुस्तकाखाली दडावं लागे. ‘श्यामची आई’ घरोघर होतं, पण दुपारच्या उन्हात गच्चीच्या जिन्यात बसून मुलं अधाशासारखी वाचत ती अर्नाळकरांच्या झुंजारची साहसं. त्या वाचनाला कुणी दर लावलेला नव्हता, उलट ते वडीलधाऱ्यांच्या परवानगीबाहेरचं होतं. त्याची ओढ त्यातूनही आलेली असणार.

पडदा आला तेव्हा यांतलं काय गेलं, याचा अभ्यास पश्चिमेत दूरचित्रवाणीच्या पहिल्याच लाटेत झाला. ब्रिटनमध्ये हिल्डे हिमेलवाइट यांचं १९५८ सालचं काम आणि कॅनडातल्या दोन गावांची, एकात टीव्ही असलेल्या आणि दुसऱ्यात नसलेल्या, विल्बर श्रॅम व सहकाऱ्यांनी १९६१ साली मांडलेली तुलना, दोन्हींचा सूर एक होता. टीव्ही आल्यावर मुलांनी कॉमिक्स, स्वस्त मासिकं, रेडिओ आणि सिनेमा कमी केला. पुस्तकांचं वाचन मात्र टिकलं, किंवा आधी घसरून पुन्हा सावरलं. तर्क सरळ आहे. नवं माध्यम जुन्यांपैकी ज्यांचं काम तेच करतं त्यांनाच हटवतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि पुढच्या दोन दशकांत मराठीतली भाड्याने देणारी वाचनालयं ओस पडत गेली, यात मला विरोधाभास दिसत नाही. जिने आणि माळे ज्या वाचनाने भरलेले होते ते वाचन करमणुकीचं होतं, आणि करमणूक पडदा अधिक स्वस्तात देऊ लागला. तेव्हा आजच्या मुलाच्या हातात मोबाइलच्या बदली संस्कारक्षम पुस्तक ठेवायचं आणि ते रुजत नाही म्हणून हळहळायचं, यात मुळातच गफलत आहे. पडद्याची जागा घ्यायची तर पडद्याइतकं खेचून घेणारं काहीतरी लागेल, आणि ते आपल्याला थोडं हलकंही वाटेल. फ्लोरिडामध्ये रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रान्झन यांनी गरीब वस्त्यांतल्या प्राथमिक शाळांतल्या मुलांना सलग तीन उन्हाळ्यांत दर वर्षी डझनभर पुस्तकं स्वतः निवडून घरी नेऊ दिली. त्यांत गायक-गायिका आणि सिनेमातल्या ताऱ्यांच्या चरित्रांना मोठी मागणी होती. शिक्षकांनी ती पुस्तकं कधीच निवडली नसती. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या मुलांचं वाचन, पुस्तकं न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत, स्पष्टपणे पुढे गेलं.

बारा ते चार

उन्हाळ्याच्या सुट्टीत पडदा दिवसभर सारखा पसरलेला नसतो. सकाळी उन्हं तापेपर्यंत मुलं बाहेर असतात, संध्याकाळी पुन्हा बाहेर पडतात. अडतं ते बारा ते चार. विदर्भ-मराठवाड्यात या वेळेत पारा चाळिशी ओलांडतो, बाहेर पाठवणं धोक्याचं असतं. नोकरी करणारे आईबाप कामावर, आजी-आजोबा असलेच तर पडलेले. या चार तासांत मुलाला सांभाळायला, गप्प ठेवायला, सोबत द्यायला फोन नेमलेला असतो. घरात एकच फोन असेल आणि तो वडिलांबरोबर जात असेल, तर हीच रिकामी वेळ दुपारी टीव्हीवर जाते आणि फोनची झटापट संध्याकाळी होते. मोठ्या मुलांचं चित्र निराळं. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४ सालच्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांच्यापैकी आदल्या आठवड्यात फोनवर अभ्यासाशी संबंधित काही केलेले ५७ टक्के होते, समाजमाध्यमं वापरलेले ७६ टक्के. या वयात फोन म्हणजे मुख्यतः दोस्तमंडळी, आणि ती सुट्टीत पांगलेली असतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ सालची मार्गदर्शक तत्त्वं लहान मुलांच्या पडद्यावर तासाची मर्यादा घालतात, ते ठीकच. मर्यादा किती वेळ काढून घ्यायचा ते सांगते. तो वेळ कुणाच्या सोबतीने जाणार, हे घराला ठरवावं लागतं.

इथे ‘सुट्टी खेळासाठी असते, त्यात पुस्तकं कशाला?’ हा आक्षेपही निकालात निघतो. खेळाची वेळ कुणी मागतच नाही. मागतो आहोत ते चार तास, आणि त्यांतलाही एखादाच.

वडगावचा भोंगा

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. ऊस पिकवणारं, स्वातंत्र्यलढ्याची परंपरा सांगणारं गाव. कोविडमध्ये शाळा फोनवर भरल्या, नंतर शाळा उघडल्या तरी फोन मुलांच्या हातातून सुटेना आणि शिक्षकांनी तशी तक्रार केली. १५ ऑगस्ट २०२२ पासून या गावात रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. तो वाजला की टीव्ही आणि मोबाइल बंद, साडेआठला पुन्हा वाजेपर्यंत. मधल्या दीड तासात अभ्यास, वाचन, गप्पा. सरपंच विजय मोहिते यांनी त्या वेळी वार्ताहरांना सांगितलेली हकीकत मला फार बोलकी वाटते. कल्पना मांडली तेव्हा पुरुषांनी ती हसण्यावारी नेली. मग बायकांना एकत्र बोलावलं; संध्याकाळच्या मालिकांचं व्यसन आपल्यालाही लागतं आहे हे त्यांनी मान्य केलं, आणि बेत तडीस गेला. सुरुवातीला भोंगा वाजल्यावर घरोघर जाऊन आठवण करून द्यावी लागली, ते काम ग्रामपंचायतीचे लोक, शिक्षक आणि अंगणवाडी सेविकांनी केलं.

वडगावचा प्रयोग उन्हाळी वाचनाचा नाही, शाळेच्या दिवसांतल्या अभ्यासाचा आहे, आणि गावकीच्या दबावावर उभा आहे. शहरी सोसायटीत असा भोंगा वाजवला तर दुसऱ्या दिवशी तक्रारअर्ज येईल, हे मान्य. तरी त्यात एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिथे मुलाला बदल्यात काहीच मिळत नाही. फोन एकट्या त्याचा बंद होत नाही. आईची मालिका, बापाचं व्हॉट्सॲप आणि शेजारच्या मुलाचा गेम एकाच क्षणी थांबतो. ‘तो बघतोय, मग मी का नको’ या प्रश्नाला उत्तर शोधावं लागत नाही, कारण तो बघत नसतो. घरच्या तहात मात्र फोन बंद करायला सांगणारा बाप स्वतः फोनवरच असतो, आणि ही विसंगती मुलाच्या नजरेतून कधी सुटत नाही. चार मजल्यांच्या इमारतीत भोंग्याची गरज नाही. दुपारी एक तास एकाच घराच्या दिवाणखान्यात सहा मुलं आणि एक आजी, एवढी व्यवस्था झाली तरी वडगावाचं मर्म त्यात येतं.

कपाटाची किल्ली

आता पुस्तकं. महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवर असलेलं भिलार ४ मे २०१७ रोजी, म्हणजे ऐन सुट्टीत, पुस्तकांचं गाव म्हणून जाहीर झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वायचा आदर्श समोर ठेवून राज्य मराठी विकास संस्थेने स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या या गावात पंचवीस ठिकाणी, कुणाच्या घराच्या ओसरीत, कुणाच्या लॉजमध्ये, देवळात, शाळेत, सुमारे पंधरा हजार पुस्तकं मांडली. बालसाहित्याचं दालन वेगळं. इथे पुस्तक विकत मिळत नाही, तिथेच बसून वाचायचं. पुढे वेरूळ, नवेगाव बांध, पोंभुर्ले आणि अंकलखोप या गावांकडेही ही योजना नेण्याचं ठरलं. भिलारची खरी करामत मला पुस्तकांच्या संख्येत दिसत नाही. गावकऱ्याने आपल्या घराची पुढची खोली अनोळखी माणसाला उघडून दिली, त्यात दिसते. पुस्तक असं वाटेत यावं लागतं. मात्र भिलारला जाणारं मूल गाडी करून जाणाऱ्या कुटुंबातलं असतं, आणि त्याच्या घरी बहुधा आधीच चार पुस्तकं असतात.

ज्याच्या घरी ती नाहीत त्याची पुस्तकं शाळेत असतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावं असं म्हटलं आहे, आणि समग्र शिक्षा अभियानातून त्यासाठी वार्षिक अनुदानही येतं. प्राथमिक शाळेसाठी ते ५,००० रुपये धरलेलं आहे. पुस्तकं येतात, नोंदवहीत चढतात, कपाटात जातात. मे महिन्यात शाळेला कुलूप लागतं आणि त्याच्या आत कपाटाला दुसरं. ज्या दीड महिन्यात मुलाकडे वेळच वेळ असतो, नेमक्या त्याच दीड महिन्यात गावातली बहुतेक बालपुस्तकं दोन कुलपांआड असतात. गावोगावची सार्वजनिक वाचनालयं, १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणारी, याची भरपाई करू शकली असती. पण तिथे वर्गणी आणि अनामत असते, सदस्यत्व मोठ्यांच्या नावावर असतं आणि बालविभाग म्हणजे पुष्कळदा तळाचा एक खण. शेजारच्या कर्नाटकाने २०२० च्या अखेरीस ग्रामपंचायतींच्या वाचनालयांमध्ये ‘ओदुव बेळकु’ नावाने मुलांना मोफत सभासद करून घ्यायला सुरुवात केली. नवी इमारत नाही, नवी यंत्रणा नाही, असलेल्या वाचनालयाचं दार मुलांसाठी सताड उघडलं. आपल्याकडे सरकारबाहेर याच दिशेचं काम नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ने २००९ पासून केलं आहे. विनायक रानडे यांच्या कल्पनेतून निघालेल्या शंभर पुस्तकांच्या पेट्या गटागटांत फिरत दुबईपर्यंत पोचल्या. वाचक पुस्तकाकडे येत नसेल तर पेटी त्याच्याकडे न्यावी, इतका साधा हिशेब.

जाता जाता एक नोंदवतो. मराठीत वाचनाचा हंगाम म्हणावा असा एकच, दिवाळीचा, आणि हा अंक त्याच हंगामाचं पीक आहे. दिवाळीची सुट्टी पंधरा-वीस दिवसांची, उन्हाळ्याची त्याच्या दुपटीहून मोठी. तरी उन्हाळ्यासाठी म्हणून मराठीत असा काही हंगाम कुणी घडवला नाही.

वाचता न येणारं मूल

आतापर्यंतचं सगळं बोलणं वाचता येणाऱ्या मुलाबद्दल झालं. देशपातळीवर ‘असर’च्या ग्रामीण पाहणीत दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी पाचवीतली मुलं २०१८ साली ५०.५ टक्के होती. कोविडनंतर २०२२ साली ती ४२.८ टक्क्यांवर आली. २०२४ साली आकडा वर चढला, तरी निम्म्याच्या आतच राहिला. अशा मुलाला पुस्तक देऊन फोन काढून घेणं ही शुद्ध शिक्षा आहे. अक्षरं जुळवता जुळवता वाक्याचा अर्थ निसटतो, आणि फोनवर मात्र त्याला सगळं कळतं. हार्वर्डचे जेम्स किम यांनी उन्हाळी वाचनाचे जे प्रयोग केले त्यांत नुसती पुस्तकं घरी पाठवून फारसं काही साधलं नाही. सुट्टीआधी शिक्षकांनी मोठ्याने कसं वाचायचं, वाचलेलं कुणाला कसं सांगायचं हे शिकवलं आणि मग पुस्तकं दिली, तेव्हा फरक पडला. ॲलिंग्टन यांच्या निष्कर्षाशी याचा खटका उडतो असं वाटेल. मला तो उडताना दिसत नाही. निवड मुलाची हवी आणि सोबत मोठ्याची हवी, या दोन्ही गोष्टी एकाच दुपारी होऊ शकतात.

या सोबतीचा चांगला नमुना पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातल्या सोनाळे इथून काम करणाऱ्या ‘क्वेस्ट’ संस्थेच्या ‘गोष्टरंग’मध्ये आहे. नीलेश निमकर यांच्या या संस्थेचे तरुण कलाकार आश्रमशाळांत आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत जाऊन पुस्तकांतल्या गोष्टी सादर करतात. आधी गोष्ट अंगावर येते, मग तीच पुस्तकात दिसते. ज्याला गोष्ट ठाऊक आहे त्याला वाक्य अडखळत वाचण्याचा कंटाळा येत नाही, कारण पुढे काय होणार हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघायचं असतं. घरात हे काम कुणीही करू शकतं. माधुरी पुरंदरे यांच्या चित्रपुस्तकांसारखं एखादं पुस्तक मोठ्याने वाचायला दहा मिनिटं पुरतात. वाचणारी मोठी बहीण असली तर अधिकच बरं, ती प्रश्न विचारून परीक्षा घेत नाही.

आणखी एक गट आहे, ज्याच्या बाबतीत सुट्टीचा अर्थच उलटा होतो. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला गेलेली कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि गाळप संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांची मुलं गावात मुक्कामाला येतात ती शाळा बंद व्हायच्या बेतात. ज्यांना पुस्तकांची सर्वांत जास्त गरज त्यांच्यासाठी कपाट उघडं असण्याचा हंगाम मे महिनाच आहे.

पडद्यावरचं पुस्तक

शेवटचा आक्षेप तरुण पालकांचा. पडदाच वाचायला का वापरू नये? बालभारतीने १९७१ साली सुरू केलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत, प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठीतल्या शेकडो गोष्टी आहेत, मग कपाटाच्या किल्लीची एवढी काळजी कशाला? आक्षेपात तथ्य आहे. डेल्गादो आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली कागद आणि पडदा यांवरच्या वाचनाची तुलना करणारे ५४ अभ्यास एकत्र तपासले. माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला कळतो असं त्यांना आढळलं, निव्वळ कथांच्या बाबतीत मात्र फरक दिसला नाही. म्हणजे गोष्ट फोनवर वाचली म्हणून बिघडत नाही. अडचण वेगळी आहे. त्याच फोनवर, एका बोटाच्या अंतरावर, गोष्टीपेक्षा जास्त वेगाने पळणारं सगळं काही आहे, आणि अनेक घरांत दुपारी तो फोनच घरी नसतो. आजीला फोनवरून ‘किशोर’ची गोष्ट वाचून दाखवता आली तर ती जरूर दाखवावी. एकट्या मुलाच्या हाती दिलेला फोन मात्र ग्रंथालय ठरण्याची शक्यता कमी.

तेव्हा पुन्हा कपाटाकडेच यावं लागतं, आणि ते बंद राहण्याचं कारण दुष्टपणा नसून जडसंग्रह नोंदवही आहे. पुस्तक हरवलं तर जबाब द्यायचा कुणी, ही मुख्याध्यापकांची धास्ती रास्त आहे. सुट्टीत शिक्षकांवर निवडणुकीची, जनगणनेची कामं येऊन पडतात, तीही खरी अडचण. पण शंभर पटाच्या शाळेने परीक्षा संपताच प्रत्येक मुलाला त्याने निवडलेली चार पुस्तकं घरी दिली, तर कपाट उघडायला मे महिन्यात कुणी येण्याची गरजच उरत नाही. मुलं आपसांत पुस्तकं बदलतात, आणि जूनमध्ये मोजणी होते. समजा त्या चारशेपैकी पंधरा परत आली नाहीत. मराठी बालपुस्तकांच्या आजच्या किमती बघता हा तोटा हजार-दीड हजार रुपयांचा, म्हणजे वार्षिक ग्रंथालय अनुदानाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतला. शाळा व्यवस्थापन समितीने एप्रिलच्या बैठकीत ठराव करून हा तोटा आधीच मंजूर करून ठेवला, तर मुख्याध्यापकांना जबाब द्यावा लागणार नाही. ऊसतोडीहून एप्रिलअखेर परतलेल्या मुलांसाठी दहा-वीस पुस्तकं बाजूला काढून अंगणवाडी सेविकेकडे ठेवावीत, कारण ही मुलं वाटपाच्या दिवशी वर्गात असतीलच असं नाही.